कानटोपीतला पेपर

फोनमधली अक्षरं मोठी करायचं बटण ज्याने कुणी इतक्या बारीक अक्षरांत लिहून ठेवलंय, त्याला आई-बाप नसावेत. असलेच तर त्यांच्याशी त्याचं बोलणं नसावं. नाहीतर असं करताच ना तो! आधी सेटिंग्ज, मग खाली, अजून खाली, मग 'अ‍ॅक्सेसिबिलिटी', मग त्याच्या पोटात आणखी एक यादी. म्हणजे ज्याला दिसत नाही त्याने आधी एवढं सगळं वाचून दाखवायचं, मग त्याला वाचायला मदत मिळणार! हाडांचा दवाखाना सहाव्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद, तशातली गत.

याच रागातून आम्ही टेबल टाकलं. आम्ही म्हणजे मी आणि तेजस. ठाण्याला एका कॉलेजात होतो, आता घोडबंदर रोडला एका ऑफिसात आहोत. आठवडाभर अशा लोकांसाठी अ‍ॅप बनवतो ज्यांना सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं आणि तरीही काही पटत नाही. रविवारी सकाळी मात्र डोंबिवली पूर्वेच्या आमच्या बागेत, ज्येष्ठांच्या कट्ट्याशेजारी टेबल लावतो. वर पुठ्ठ्याचा बोर्ड: 'फोन तुमच्यासाठी, तुम्ही फोनसाठी नाही.'

मला क्रांती करायची होती. पहिल्या रविवारी आलेल्या पहिल्या काकांनी विचारलं, "गुड मॉर्निंगचा गुलाब होता गं एक. तो कुठे गेला?"

तेव्हापासून किस्से साठताहेत. त्या गुलाबांसारखेच. रोज नवे येतात, मेमरी भरते, पण डिलीट करायला हात धजत नाही. म्हटलं, निदान फॉरवर्ड तरी करावेत.

* * *

बापटकाकूंचं एकच मागणं होतं. "अक्षरं मोठी कर. आहेत त्यातली सगळ्यात मोठी."

"काकू, मधली ठेवू या. फार मोठी केली तर..."

"तू कर गं! चष्मा शोधण्यात माझं आयुष्य चाललंय."

मी केली. एका स्क्रीनवर जेमतेम तीन शब्द मावायला लागले. काकू खूश! जाताना टेबलावर शेंगदाण्याचा लाडू ठेवून गेल्या.

पुढच्या रविवारी तरातरा आल्या. "लहान कर आधी ती अक्षरं!"

"का हो? दिसत नाहीत?"

"मला दिसतात. सगळ्यांनाच दिसतात! काल शेअर रिक्षात सुनेचा मेसेज वाचत होते. 'आई, मी अजून चार दिवस माहेरी राहू का?' मी विचार करतेय काय लिहावं, तर शेजारची बाई म्हणते, 'राहू दे ना हो ताई, एवढं काय!' आणि पुढून रिक्षावाला आरशात बघून म्हणतो, 'हो लिहा मावशी, आमच्या घरी याच्यावरूनच झालेलं.'"

"मग? काय लिहिलंत?"

"काय लिहिणार? सिग्नल सुटेना. लिहिलं 'हो'!"

* * *

गद्रेकाका रेल्वेतून रिटायर झालेले. कशाचंही टेन्शन न घेणारा माणूस. एका रविवारी पडलेल्या चेहऱ्याने आले आणि मुकाट्याने फोन पुढे केला.

झालेलं असं. एके सकाळी त्यांना फोनमध्ये सगळं करडं दिसायला लागलं. नातवाचा लाल शर्ट करडा, आंबा करडा, बायको करडी. त्यांना वाटलं, मोतीबिंदू परत आला. ऑपरेशन तर दोन्ही डोळ्यांचं झालेलं. कुणाला न सांगता एकटेच कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. रांगेत बसले, डोळ्यांत थेंब घातले, पुन्हा बसले. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि विचारलं, "भिंतीवरचं कॅलेंडर कसं दिसतंय?"

"रंगीत."

"आणि फोन?"

"काळा-पांढरा."

"काका, तुमचे डोळे उत्तम आहेत. मोतीबिंदू फोनला झालाय!"

रंग बंद करायचं सेटिंग चुकून दाबलं गेलेलं. मी एका टिचकीत रंग परत आणले. काकांनी नातवाचा शर्ट लाल झालेला बघितला आणि मग कुठे त्यांना हायसं वाटलं. जाता जाता त्यांनी खिशातून दुसरा एक फोन काढला.

"हा पण बघ. यालाही तेच झालंय."

"हा कुणाचा?"

"डॉक्टरांच्या आईचा."

* * *

म्हात्रेआजींची ओळख करून द्यायची तर एवढंच सांगते, की आमची बिल्डिंग, शेजारची बिल्डिंग आणि बाग जिथे आहे ती जागा, हे सगळं एके काळी त्यांच्या सासऱ्यांचं भाताचं शेत होतं. त्यामुळे आजी बागेत फिरायला येत नाहीत, शेतावर चक्कर मारायला येतात.

त्यांना ऐकू कमी यायचं. मुलांनी कानात घालायची भारीतली मशिनं आणली, पण आजी ती डब्यातच ठेवायच्या. "कानात कचरा नाय पायजे मना!"

तेजस जिद्दीला पेटला. त्याने ती मशिनं आजींच्या फोनला जोडली आणि दाखवलं, की फोन समोरच्या माणसाजवळ ठेवला की त्याचं बोलणं थेट कानात येतं. आपण लांब बसलो तरी.

आजींनी विचारलं, "किती लांब?"

तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं!

महिन्याभरात त्यांची सून टेबलावर आली. "ते आईंच्या कानातलं काढून टाका."

झालं होतं असं, की आजी आता फोन 'विसरायला' लागलेल्या. कधी स्वयंपाकघरात ओट्यावर, कधी हॉलमध्ये टीपॉयवर. स्वतः बाहेर झोपाळ्यावर. एका संध्याकाळी आत दोघं मुलगे आणि सुना हळू आवाजात बोलत होते, की आईला टिटवाळ्याच्या नव्या फ्लॅटमध्ये ठेवू या, तिकडे हवा चांगली आहे, तिलाही बरं वाटेल. तेवढ्यात आजी दारात उभ्या!

"मी नाय जायाची टिटवाल्याला. तुमीच जा चौघं. गनपती जवल परंल!"

सून सांगताना रडकुंडीला आलेली. तेजसने गंभीर चेहऱ्याने विचारलं, "काकू, तुम्हाला पण बसवून देऊ का एक?"

ती दोन मिनिटं विचार करत होती!

आजी त्या दिवसापासून आमच्या टेबलाच्या कायमच्या मेंबर. कट्ट्यावर सकाळचा पेपर वाचला जातो, तेव्हा त्या लांब गुलमोहराखाली, बायकांच्या बाकावर बसतात. फोन मात्र वाचणाऱ्याच्या बाजूला, बाकावर ठेवलेला असतो.

* * *

पेपरवाचनाचं सांगायलाच हवं. हा आमच्या कट्ट्याचा नेम आहे. रोज सकाळी एक जण पेपर मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात आणि मध्ये मध्ये सरकार चालवतात. वाचणाऱ्याला ठरलेली जागा, हात टेकायला कठडा असलेला एकमेव बाक. त्याला सगळे 'खुर्ची' म्हणतात. खुर्ची मानाची आहे. आणि निर्दयी! आधीच्या वाचकांची कवळी बदलली, 'स' म्हणताना शिट्टी वाजायला लागली, तर आठवडाभरात त्यांना प्रेमाने शेजारच्या बाकावर बसवलं. ते अजून तिथेच बसतात आणि अजून कुणाशी बोलत नाहीत.

त्यांच्यानंतर खुर्ची पेंडसेसरांची. शाळेत भूगोल शिकवायचे. आवाज असा, की हवामानाचा अंदाज वाचला तरी लोक छत्री शोधायचे. आणि त्यांच्या मागे नंबर लावून बसलेले कर्णिककाका, बँकेतले रिटायर्ड ऑफिसर. नवा चष्मा, रोज स्वतःचा वेगळा पेपर काखेत, आणि सरांनी एखादा शब्द चुकवला की लगेच, "पुन्हा वाचा हो, माझ्यात वेगळं छापलंय!"

* * *

या कर्णिककाकांना बोलणाऱ्या फोनचा भयंकर राग. त्यालाही कारण आहे.

ठाण्याला एका जुन्या साहेबांची शोकसभा होती. काका पहिल्या रांगेत. फोन पँटच्या खिशात, आणि बसताना आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबली गेली. तसं केलं की फोन स्क्रीनवर येईल ते वाचून दाखवायला लागतो. दृष्टी नसलेल्यांसाठी सोय आहे ती. काकांना माहीत नव्हतं.

स्टेजवर कुणीतरी सांगत होतं, "साहेब गेले आणि एक पर्व संपलं." सगळे स्तब्ध. आणि काकांच्या खिशातून एक बाई स्वच्छ मराठीत म्हणाली, "बँकवाले मित्र. नवीन संदेश. अजून किती वेळ आहे, प्रश्नचिन्ह. मिसळ संपेल."

काकांनी फोन काढून दाबला. बाई म्हणाली, "उघडण्यासाठी दोनदा टॅप करा." काकांनी घाबरून आणखी दाबलं. बाईने पुढचा मेसेज वाचला. "मी निघालो. तुझं पण सांगू का, प्रश्नचिन्ह."

साहेबांच्या मुलाने त्याच रांगेतून वळून बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "खाऊन या काका. अजून सहा जण बोलायचेत."

ती बाई बंद कशी करायची ते मी काकांना दाखवलं. एक बोट, दोन बोटं, दोनदा टॅप. काकांनी सगळं नीट शिकून घेतलं, का तर पुन्हा कधी ही बला दिसली तर लांबूनच ओळखता यावी!

* * *

एका रविवारी टेबल आवरताना पेंडसेसर आले. आजूबाजूला बघितलं. "एका मित्रासाठी विचारायचं होतं."

मला मित्रांचे प्रश्न पाठ झालेत. "काय होतंय मित्राला?"

"कडेचं दिसतं. मधलं जातं. ओळ दिसते, पण ज्या शब्दावर नजर लावावी तोच नाहीसा होतो. डॉक्टर म्हणतात, यापुढे असंच."

"मग मित्र पेपर कसा वाचतो?"

"आदल्या रात्री टीव्हीवरच्या बातम्या पाठ करतो. पण हल्ली पाठांतर होत नाही."

मी बोलणारी बाई चालू केली, बातम्यांचं अ‍ॅप घातलं आणि शिकवायला लागले. मी वाईट शिकवते, मला धीर नाही. "सर, दोनदा! दोनदा टॅप! एकदा नाही, दोनदा!" अर्धी बाग वळून बघायला लागली.

सर शांतपणे म्हणाले, "बाळ, तुझ्या आवाजाचं सेटिंग कुठे असतं?"

मग मी हळू आवाजात भाषण दिलं. यात लपवायचं काय आहे? चष्मा लपवतो का कुणी? कट्ट्यावर उघड फोन लावा, उघड सांगा, बाकीच्यांनाही धीर येईल. हा तुमचा हक्क आहे! मला खरंच तसं वाटतं, अजूनही.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "चष्मेवाल्याची खुर्ची कुणी काढून घेत नाही गं," एवढंच म्हणाले. "दिवसातला तो एक तास आहे माझ्याकडे. मित्राकडे, म्हणजे."

मी त्यांना वायरवाला इअरफोन दिला आणि मित्राचं नाव कुणाला सांगणार नाही असं वचन दिलं.

* * *

माझ्या ऑफिसची बस कट्ट्याच्या कोपऱ्यावरून सुटते, त्यामुळे पुढचं सगळं मी रोज सकाळी डोळ्यांनी बघितलंय.

सर खुर्चीत बसायचे. कानटोपी घातलेली, आत इअरफोन. पेपर पूर्ण उघडून चेहऱ्यासमोर पडद्यासारखा, फोन पेपरच्या घडीत, आणि शेजारी बाकावर म्हात्रेआजींचा फोन, नेहमीसारखा. कानात बाई एक वाक्य बोलायची, सर ते खणखणीत आवाजात कट्ट्याला सांगायचे. मध्ये किंचित थांबायचे. लोकांना वाटायचं, हल्ली सर वजन देऊन वाचतात.

पहिल्याच आठवड्यात घात होता होता राहिला. सर रंगात आलेले. "पुलाचं काम पावसाळ्यापूर्वी पूर्ण होईल, असं मंत्र्यांनी सांगितलं. शेअर करा, बटण."

कर्णिककाका ताडकन म्हणाले, "कसलं बटण?"

पेपर किंचित वर सरकला. मग सरांचा आवाज आला. "पुलाचं. मंत्री येऊन दाबणार आहेत."

"पुलाला बटण असतं?"

"नवीन टेक्नॉलॉजी आहे, कर्णिक. पुढे वाचू?"

गद्रेकाका म्हणाले, "वाचा वाचा! पूल होईल तेव्हा बटण शोधू."

दुसऱ्यांदा घोळ माझ्यामुळे झाला. बाई फार रेंगाळत बोलते म्हणून सरांनी वेग वाढवायला सांगितला आणि मी उत्साहात जरा जास्तच वाढवला. दुसऱ्या दिवशी सरांनी अग्रलेख, बाजारभाव आणि निधनवार्ता एका दमात म्हणून टाकल्या! चहा यायच्या आत पेपर संपला. सर घामाघूम.

गद्रेकाकांनी हळूच विचारलं, "सर, कसारा फास्ट लोकल पकडायची होती का?"

थंडी सरली. महाशिवरात्र झाली, सगळ्यांच्या कानटोप्या कपाटात गेल्या. सरांची डोक्यावरच. होळी आली तरी डोक्यावर. बापटकाकूंनी काळजीने विचारलं, "सर, कान दुखतो का?" सर म्हणाले, "जुनं दुखणं आहे." कर्णिककाका नुसते कानटोपीकडे बघत राहिले. मग पेपरच्या घडीत चाललेल्या सरांच्या बोटाकडे. टक टक. दोनदा.

मी बसमध्ये चढले आणि कोपरा वळेपर्यंत खिडकीतून कर्णिककाकांकडेच बघत राहिले.

* * *

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी पेपर येत नाही. छापणाऱ्यांनाही रंग खेळायचा असतो. अख्ख्या महाराष्ट्रात ही गोष्ट लहान पोरालाही ठाऊक आहे. आमच्या कट्ट्यावर त्या दिवशी वाचन नसतं, उरलेल्या पुरणपोळ्या असतात.

माझी बस घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून परत यायची होती, म्हणजे देवाच्या भरवशावर. मीही एक पोळी घेऊन उभी होते.

सर आले. कानटोपी. काखेत पेपर. रोज दाराच्या कडीत अडकवलेला पेपर ते हाताने चाचपून घेतात. त्या दिवशी कडी रिकामी लागली, तेव्हा त्यांना वाटलं बायकोने आत घेतला असेल, आणि सोफ्यावर होता तो उचलून ते निघाले.

कुणी काही बोलायच्या आत त्यांनी पेपर उघडला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. "आजच्या ठळक बातम्या!"

गद्रेकाकांचा घास हातात राहिला.

पेपरचं पहिलं पान आमच्याकडे होतं. त्यावर एका बिल्डरची पानभर जाहिरात. पेटलेली होळी आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'आज होळीच्या हार्दिक शुभेच्छा!' आणि त्याच्या मागून सर वाचत होते, "काल राज्यभर धुळवड उत्साहात साजरी झाली."

मला ओरडावंसं वाटलं. सर, थांबा! पण ओरडले असते तर मीच सगळं उघडं केलं असतं. तेवढ्यात कर्णिककाका उठले. सावकाश खुर्चीजवळ गेले आणि अगदी सरांच्या समोर उभे राहिले. त्यांची काख त्या दिवशी रिकामी होती.

"सर, ही बातमी कुठल्या पानावर आहे?"

"पान एक," सर जराही न अडखळता म्हणाले. "डावीकडे, खाली."

कर्णिककाकांनी पान एककडे बघितलं. डावीकडे, खाली, होळीची लाकडं होती. त्यांनी ती बराच वेळ बघितली. मग घडीत थांबलेलं सरांचं बोट बघितलं.

"हां," ते म्हणाले. "बरोबर. माझ्याही पेपरात तिथेच आहे. वाचा पुढे."

आणि जाऊन आपल्या जागेवर बसले.

सरांनी घसा साफ केला. "डोंबिवली पूर्वेच्या काही भागांत शुक्रवारी पाणीपुरवठा बंद राहणार असून, नागरिकांनी पाणी साठवून ठेवावं. पाणी बंद राहणारे भाग पुढीलप्रमाणे..."

थांबले. नेहमीचं वजन देऊन थांबणं असेल असं वाटलं. पण पुढे काही येईना. सरांनी घडीत बोट फिरवलं. टक टक. पान उलटलं. पुन्हा टक टक. कुणी कुणाकडे बघेना. गद्रेकाका पुरणपोळीकडे बघत होते, बापटकाकू आकाशाकडे.

लांब गुलमोहराखालून म्हात्रेआजी उठल्या. रमतगमत आल्या, सरांच्या शेजारी बाकावर ठेवलेला आपला फोन उचलला आणि कानातलं मशीन नीट बसवलं.

"मास्तर, पानी कुनाचा बंद ते राह्यलंच की! उद्या पेपर नीट चार्ज करून आना."